सतरा जागा आणि एक तोंडी आश्वासन

१९७४ नंतर उत्तर आयर्लंडसाठी कायदे कसे होत, हे आधी पाहायला हवं. त्याशिवाय जेम्स मॉलिनो हा तिथला युनियनिस्ट, म्हणजे उत्तर आयर्लंड ब्रिटनमध्येच राहावं असं मानणारा, राजकारणी कळत नाही. इंग्लंडसाठी विधेयक आलं की त्याची वाचनं होत, समितीत एकेका कलमावर खल होई, दुरुस्त्या येत, त्यांवर मतदान होई. उत्तर आयर्लंडचे बहुतेक कायदे मात्र ‘ऑर्डर इन कौन्सिल’ म्हणून येत. मसुदा मंत्री आणि अधिकारी तयार करीत. सभागृहापुढे तो येई बहुधा रात्री उशिरा, दीड तासाच्या चर्चेसाठी. दुरुस्ती सुचवायची सोयच नव्हती. आहे तसा मंजूर करा नाहीतर पूर्ण फेटाळा, एवढेच दोन पर्याय. घरं, शाळा, रस्ते, शेती यांचे कायदे याच वाटेने होत, आणि तिथून निवडून आलेल्या खासदाराला त्यातला एक स्वल्पविरामही बदलता येत नसे.

खाली स्थानिक पातळीवर तर आणखी पोकळी होती. १९७३ मध्ये जुन्या काउंटी कौन्सिल रद्द झाल्या आणि २६ डिस्ट्रिक्ट कौन्सिल आल्या. त्यांच्या वाट्याला कचरा, दफनभूमी, क्रीडाकेंद्रं, इमारतींची तपासणी अशी कामं आली. घरं हाउसिंग एक्झिक्युटिव्हकडे गेली, शाळा, ग्रंथालयं आणि आरोग्य नेमलेल्या मंडळांकडे, रस्ते थेट सरकारी खात्याकडे. ही मांडणी मॅक्रोरी समितीच्या १९७० च्या अहवालातली. ती करताना एक गोष्ट गृहीत धरली होती: मोठी कामं बेलफास्टजवळच्या स्टॉर्मंट विधिमंडळाच्या देखरेखीखाली चालतील. पण मार्च १९७२ मध्ये लंडनच्या हीथ सरकारने स्टॉर्मंटच स्थगित केलं. तळमजला तेवढा उभा राहिला, वरचा मजला गेला. याला तिथे ‘मॅक्रोरी गॅप’ म्हणतात. रस्त्यातला खड्डा बुजवायलाही नगरसेवकाला अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागे.

मॉलिनो १९६४ ते १९७३ अँट्रिम काउंटी कौन्सिलवर होते, म्हणजे रद्द झालेल्या याच व्यवस्थेत त्यांची राजकीय घडण झाली. पुढची पंचवीस वर्षं त्यांच्या मागण्यांत दोन गोष्टी कायम राहिल्या: आमचे कायदे इतरांसारखे करा आणि स्थानिक संस्थांना कामं परत द्या. घोषणा द्यायला या मागण्या अगदीच रूक्ष. मोर्चात कुणी ‘ऑर्डर इन कौन्सिल बंद करा’ असं ओरडत नाही. मॉलिनोंचं मोठेपण आणि त्यांचं अपयश, दोन्ही या रूक्षपणातच आहे असं मला वाटतं.

त्यांचा जन्म २७ ऑगस्ट १९२० चा, काउंटी अँट्रिममधल्या किलीडचा, शेतकरी घरातला. शाळा पंधराव्या वर्षी सुटली. १९४१ ते १९४६ ते हवाई दलात होते आणि एप्रिल १९४५ मध्ये बर्गन-बेल्सनच्या छळछावणीत शिरलेल्या ब्रिटिश सैनिकांमध्ये तेही होते. युद्धावरून परतताच १९४६ मध्ये अल्स्टर युनियनिस्ट पक्षात गेले. लग्न केलं नाही. आवाज हळू, शरीरयष्टी किरकोळ, भाषण सपाट. त्याच प्रांतात प्रतिस्पर्धी युनियनिस्ट पक्षाचे नेते इयान पेझली यांच्यासारखा मेघगर्जनेचा वक्ता असताना हा माणूस सोळा वर्षं सर्वांत मोठ्या युनियनिस्ट पक्षाचा नेता राहिला. ते कसं, याचं उत्तर पक्षाच्या रचनेत सापडतं.

अल्स्टर युनियनिस्ट कौन्सिल ही पक्षाची सर्वोच्च सभा. तिच्यात मतदारसंघ शाखांचे प्रतिनिधी असत, महिला आणि तरुण संघटनांचे असत, आणि ऑरेंज ऑर्डर या प्रॉटेस्टंट बंधुसंघाचेही असत. नेत्याची निवड हीच सभा करी. खासदारांच्या हाती ती नव्हती. मॉलिनो ऑरेंज ऑर्डरमध्ये वरच्या पदावर होते, शिवाय १९७१ ते १९९८ ते रॉयल ब्लॅक इन्स्टिट्यूशन या त्याच परंपरेतल्या संघटनेचे सर्वोच्च प्रमुख होते. ‘ब्लॅक’ ही तुलनेने वयस्कर, चर्चला जाणाऱ्या, शांत सभासदांची संघटना समजली जाते. ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी तिची संचलनं निघतात. गावोगावच्या सभागृहांतून वर्षानुवर्षं हिंडल्यामुळे कौन्सिलमध्ये हात वर करणारी माणसं त्यांना चेहऱ्याने ओळखत. बेलफास्टचे वकील आणि प्राध्यापक त्यांच्यावर नाराज असत. पण त्यांच्या नाराजीने नेता बदलत नसे.

१८ जून १९७० रोजी ते साउथ अँट्रिममधून खासदार झाले. बेलफास्टच्या उपनगरांची वाढ याच मतदारसंघात होत होती. १९७९ पर्यंत तो एक लाखाहून अधिक मतदारांचा झाला होता. ब्रिटनची सरासरी तेव्हा साधारण ६५ हजार होती. त्या वर्षी मॉलिनो ३८ हजारांहून अधिक मताधिक्याने निवडून आले.

या फुगलेल्या मतदारसंघामागे जुना हिशेब होता. आयर्लंडची फाळणी करणाऱ्या १९२० च्या कायद्याने उत्तर आयर्लंडला स्वतःचं विधिमंडळ दिलं, म्हणून लंडनच्या संसदेत त्याला मुद्दाम कमी जागा दिल्या: १३. १९५० मध्ये विद्यापीठाची जागा गेली आणि १२ उरल्या. स्टॉर्मंट होतं तोवर हे चालण्यासारखं होतं. १९७२ नंतर स्टॉर्मंट नाही आणि जागाही बाराच. एका खासदारामागे सरासरी ८५ हजार मतदार. मॉलिनोंनी नेमकी हीच विसंगती धरली, कारण ती न्याय्य होती आणि आकड्यांत मांडता येत होती. कुणाच्या भावना न दुखवता मंत्र्यापुढे ठेवता येत होती.

फेब्रुवारी १९७४ च्या निवडणुकीत, राष्ट्रवादी, म्हणजे आयर्लंडशी एकीकरण मागणाऱ्या, बाजूबरोबर सत्ता वाटून घेण्याच्या सनिंगडेल कराराला विरोध करणाऱ्या युनियनिस्ट आघाडीने १२ पैकी ११ जागा जिंकल्या. तोवर युनियनिस्ट खासदार कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या रांगेत बसत; आता ते वेगळे झाले. ऑक्टोबरच्या निवडणुकीत आघाडीला १० जागा मिळाल्या, मात्र पक्षनेते हॅरी वेस्ट स्वतः हरले. संसदेतल्या गटाचं नेतृत्व मॉलिनोंकडे आलं. त्याच निवडणुकीत साउथ डाउनमधून एक विलक्षण माणूस त्यांच्या बाकावर आला: इनॉक पॉवेल. संसदीय नियमांचा एवढा जाणकार सभागृहात विरळाच. उत्तर आयर्लंडचा कारभार यॉर्कशायर किंवा केंटसारखाच चालावा, वेगळं विधिमंडळ नकोच, हे पॉवेल यांचं ठाम मत. वेगळं विधिमंडळ म्हणजे वेगळेपणाची कबुली आणि वेगळेपण म्हणजे बाहेरच्या दाराची पहिली पायरी, असा त्यांचा तर्क. मॉलिनो याच बाजूला झुकले, पण त्यांनी ते उघडपणे कधी पक्षाचं धोरण म्हणून रेटलं नाही, कारण पक्षातल्या अर्ध्याअधिक लोकांना स्टॉर्मंट परत हवं होतं. दोन्ही गटांना चालेल असं ते बोलत. एकी टिकली, पण दिशा ठरली नाही.

आता गणिताकडे. ऑक्टोबर १९७४ मध्ये मजूर पक्षाचं बहुमत ३ होतं. पोटनिवडणुका आणि पक्षांतरांमुळे ते लवकरच संपलं. पंतप्रधान कॅलॅहन यांना मार्च १९७७ मध्ये लिबरल पक्षाशी समझोता करावा लागला, आणि तरीही एखाद्या रात्री चार-दोन मतं कमी पडतील अशी धास्ती कायम होती. अशा वेळी दहा जणांच्या गटाने दरवेळी सरकारच्या बाजूने मत द्यायची गरज नसते. काही जण गैरहजर राहिले तरी पुरतं. विरोधकांच्या बाजूने कमी झालेलं मत हे सरकारच्या बाजूने अर्ध्या मताइतकं मोलाचं, आणि ते देताना कुणाला उघड बाजू घ्यावी लागत नाही. मॉलिनोंनी हे हत्यार संयमाने वापरलं. मागणी एकच ठेवली, ती बदलली नाही, आणि वर्तमानपत्रांतून तिचा गाजावाजा केला नाही.

सरकारने सभापती जॉर्ज थॉमस यांच्या अध्यक्षतेखाली सर्वपक्षीय परिषद नेमली. तिने १७ जागांची शिफारस केली आणि सीमा आखणाऱ्या आयोगाला एक जागा इकडेतिकडे करायची मुभा ठेवली. मार्च १९७९ मध्ये कायदा झाला. त्याच महिन्याच्या २८ तारखेला अविश्वास ठरावावर कॅलॅहन सरकार ३११ विरुद्ध ३१० असं एका मताने पडलं. आठ युनियनिस्टांनी सरकारविरुद्ध मत दिलं, दोघांनी सरकारच्या बाजूने. कायदा हाती आल्यावर मॉलिनोंना सरकार वाचवण्याचं कारण उरलं नव्हतं. पण या व्यवहाराची किंमत कॅलॅहन यांना दुसरीकडे मोजावी लागली. एरवी मजूर पक्षाला साथ देणारे बेलफास्टचे राष्ट्रवादी खासदार गेरी फिट त्या रात्री तटस्थ राहिले. सरकार युनियनिस्टांच्या नादी लागलं ही त्यांची मोठी तक्रार होती. एका मताने पडलेल्या सरकारच्या बाबतीत असा हिशेब मांडताना हात थरथरतो.

यानंतरचे दोन दिवस मॉलिनोंच्या दृष्टीने निर्णायक ठरले. थॅचर यांचे विश्वासू एअरी नीव उत्तर आयर्लंडचे मंत्री होणार हे जवळपास ठरलेलं होतं. विधिमंडळ नसेल तर व्यापक अधिकारांची प्रादेशिक कौन्सिल देऊ, असं वचन कॉन्झर्व्हेटिव्ह जाहीरनाम्यात आलं. ही मॉलिनो-पॉवेल यांचीच दिशा. ३० मार्च १९७९ रोजी संसदेच्या वाहनतळातून बाहेर पडताना आयएनएलए या अतिरेकी गटाने पेरलेल्या बॉम्बने नीव मारले गेले. थॅचर यांचं सरकार आलं, पण त्या वचनामागे उभा राहणारा माणूस नव्हता, आणि ते कधी अमलात आलं नाही. आपली बाजू एकाच माणसाच्या भरवशावर आहे ही गोष्ट मॉलिनोंना तेव्हाच खटकायला हवी होती. झालं उलटच. ती जागा त्यांनी मनात स्वतः थॅचर यांना दिली.

जून १९७९ च्या युरोपीय निवडणुकीत पेझलींनी पहिल्या पसंतीची १,७०,६८८ मतं घेतली, हॅरी वेस्ट यांचा धुव्वा उडाला आणि सप्टेंबरमध्ये मॉलिनो पक्षनेते झाले. पुढची काही वर्षं ‘काही होऊ न देणं’ हेच त्यांचं काम होतं. मंत्री हम्फ्री ॲटकिन्स यांच्या परिषदेवर त्यांनी बहिष्कार टाकला. त्यांच्यानंतरचे मंत्री जेम्स प्रायर यांनी १९८२ मध्ये ७८ जागांची असेम्ब्ली आणली, अधिकार टप्प्याटप्प्याने देण्याची योजना घेऊन. तिच्यात ते बसले, पण मनापासून कधीच नाही. राष्ट्रवादी पक्षांनी तिच्यावर बहिष्कार घातला होता, त्यामुळे तिला अधिकार मिळायची शक्यता तशीही कमीच होती. याच काळात पक्षाची माणसं मारली जात होती. नोव्हेंबर १९८१ मध्ये खासदार रॉबर्ट ब्रॅडफर्ड, डिसेंबर १९८३ मध्ये असेम्ब्ली सदस्य आणि कायद्याचे तरुण प्राध्यापक एडगर ग्रॅहम, दोघांनाही आयआरए या सशस्त्र राष्ट्रवादी संघटनेने गोळ्या घालून मारलं. मॉलिनोंच्या सावधपणाला कुणी नुसतं आळशीपण म्हणत असेल तर त्याने हे विसरू नये. ज्या पक्षाच्या बैठकीनंतर अंत्ययात्रा निघते, तिथे नवे प्रयोग करा म्हणणं सोपं नसतं.

१९८३ मध्ये सतरा जागांवर पहिली निवडणूक झाली. अल्स्टर युनियनिस्टांना ११, पेझलींच्या पक्षाला ३. मॉलिनो स्वतः नव्या लॅगन व्हॅली मतदारसंघात गेले. वरवर पाहता हा त्यांच्या कारकिर्दीचा कळस. पण नव्या नकाशात फॉइल ही जागा तयार झाली आणि ती राष्ट्रवादी नेते जॉन ह्यूम यांच्याकडे गेली. न्यूरी अँड आर्मा ही दुसरी नवी जागा तीन वर्षांत त्यांच्याच पक्षाच्या शेमस मॅलन यांच्याकडे जाणार होती. मतदारसंघ लहान आणि न्याय्य झाले की जिथे राष्ट्रवादी मतं एकवटलेली आहेत तिथे त्यांचेही खासदार निवडून येणारच. याबद्दल मॉलिनोंनी कधी कुरकुर केली नाही. मागणी न्यायाची होती, ती दोन्ही बाजूंना लागू झाली.

त्याच १९८३ मध्ये आणखी एक आकडा बदलला होता, आणि खरी मेख तिथेच आहे: थॅचर यांचं बहुमत १४४ झालं. अकरा काय, सतराच्या सतरा खासदार विरोधात गेले असते तरी सरकारला फरक पडला नसता. मॉलिनोंची पद्धत मात्र तीच राहिली. पंतप्रधानांशी खाजगीत भेटायचं, प्रिव्ही कौन्सिलर, म्हणजे राजमुकुटाचा शपथबद्ध सल्लागार, या नात्याने मिळणारी माहिती गुप्त ठेवायची, सहकाऱ्यांना ‘काळजी करू नका’ म्हणायचं. लंडन आणि डब्लिन यांच्यात बोलणी चालू आहेत हे १९८५ च्या उन्हाळ्यापासून वर्तमानपत्रांत येत होतं. थॅचर स्वतःला युनियनिस्ट म्हणवतात, त्या आपल्याला अंधारात ठेवणार नाहीत, ही मॉलिनोंची खात्री होती.

१५ नोव्हेंबर १९८५ रोजी हिल्सबरोच्या वाड्यात थॅचर आणि आयर्लंडचे पंतप्रधान गॅरेट फिट्झजेरल्ड यांनी करारावर सह्या केल्या. युनियनिस्टांशी सल्लामसलत झाली नव्हती. करारात दोन गोष्टी होत्या. पहिली, बहुसंख्यांच्या संमतीशिवाय उत्तर आयर्लंडचा दर्जा बदलणार नाही. दुसरी, उत्तर आयर्लंडच्या कारभाराबद्दल डब्लिनला मत मांडण्याचा नियमित मार्ग: दोन सरकारांची परिषद आणि बेलफास्टबाहेर मेरीफील्ड इथे दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांचं कायमचं सचिवालय. एक बारीक कलम मात्र मॉलिनोंच्या धोरणाच्या मुळावरच आलं. जे विषय स्थानिक, दोन्ही समाजांना मान्य अशा सरकारकडे जातील, ते या परिषदेच्या कक्षेतून बाहेर पडणार होते. म्हणजे डब्लिनचा हात कमी करायचा तर राष्ट्रवाद्यांबरोबर सत्ता वाटून घ्या. केंटसारखा कारभार मागणाऱ्याला या करारात जागाच नव्हती.

२३ नोव्हेंबरला बेलफास्टच्या सिटी हॉलसमोर प्रचंड सभा झाली. पेझलींची गर्जना सगळ्यांच्या लक्षात राहिली, शेजारी उभे असलेले मॉलिनो कुणाच्या राहिले नाहीत. चार दिवसांनी संसदेने करार ४७३ विरुद्ध ४७ मतांनी मंजूर केला.

मग राजीनाम्यांचा डाव. तो कसा फसला हे तपशिलात पाहण्यासारखं आहे. पंधरा युनियनिस्ट खासदारांनी डिसेंबरमध्ये राजीनामे दिले आणि २३ जानेवारी १९८६ रोजी एकाच दिवशी पंधरा पोटनिवडणुका झाल्या. कल्पना अशी की हेच सार्वमत समजावं. पहिली अडचण: सार्वमतात ‘नाही’ची मतं मोजायची तर समोर ‘हो’ म्हणणारा उमेदवार लागतो. राष्ट्रवादी एसडीएलपीने फक्त चार जागा लढवल्या, ज्या जिंकण्यासारख्या होत्या त्याच. चार जागी तर कुणीच उभं राहीना. बिनविरोध निवड झाली असती तर मतं मोजलीच गेली नसती. म्हणून युनियनिस्टांनी आपलाच एक माणूस त्या चारही ठिकाणी उभा केला. त्याने कायदेशीर मार्गाने नाव बदलून ‘पीटर बॅरी’ घेतलं होतं, म्हणजे आयर्लंडच्या परराष्ट्रमंत्र्यांचं नाव. करारविरोधकांना निदान नावापुरता प्रतिस्पर्धी मिळाला. दुसरी अडचण: करारविरोधी उमेदवारांना एकूण ४,१८,२३० मतं पडली, जी भरघोस होती, पण न्यूरी अँड आर्मा ही जागा हातची गेली. दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यांत चार लाख मतं मागे पडली आणि मॅलन यांचा विजय पुढे आला. तिसरी आणि सर्वांत मोठी अडचण म्हणजे पंधरापैकी चौदा परत आले तरी १४४ च्या बहुमताला ओरखडाही उमटला नाही. ज्याच्याकडे गणित नाही त्याने गणिताचा खेळ मांडू नये. एवढं मॉलिनोंना कळत नव्हतं असं नाही. पण लोक रस्त्यावर होते, पेझली पुढे धावत होते आणि मागे राहणं परवडण्यासारखं नव्हतं.

त्यानंतर बंद, कौन्सिलच्या बैठका तहकूब करणं, मंत्र्यांशी अबोला. यातला प्रत्येक मार्ग मॉलिनोंच्या स्वभावाविरुद्ध होता आणि प्रत्येकाचा फटका युनियनिस्टांच्याच संस्थांना बसला. आधीच मूठभर कामं असलेल्या कौन्सिल बंद ठेवून लंडनचं काय अडणार? १९८७ मध्ये दोन्ही पक्षांच्या तीन पुढाऱ्यांच्या गटाने अहवाल दिला की आता बोलणी करा, सत्तावाटपाचा विचार करा. मॉलिनो आणि पेझलींनी तो बाजूला ठेवला. त्याच वर्षी पॉवेल साउथ डाउनमधून ७३१ मतांनी हरले. मॉलिनोंना आपलं म्हणणं तर्काने मांडून देणारा माणूस सभागृहातून गेला.

इथे एक गोष्ट स्पष्ट म्हणायला हवी. केंटसारखा कारभार या मागणीत तर्कदोष नव्हता, उणीव होती ती वेगळीच. उत्तर आयर्लंडमधल्या एक तृतीयांशाहून अधिक लोकांना ब्रिटिश काउंटी व्हायचंच नव्हतं. स्टॉर्मंटच्या पन्नास वर्षांत घरं, नोकऱ्या, मतदारसंघांची आखणी यांत त्यांच्यावर झालेला अन्याय त्यांच्या आठवणीत ताजा होता. त्यांना मॉलिनोंनी काय देऊ केलं? समान कायदा आणि चांगला कारभार. मला ते प्रामाणिक वाटतं. स्वतः मॉलिनोंच्या वागण्यात द्वेष नव्हता. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या घराजवळचं कॅथलिक चर्च जाळलं गेलं तेव्हा पुन्हा बांधण्यासाठी निधी गोळा करायला त्यांनी हातभार लावला. पण चांगला शेजारी असणं हे राजकीय उत्तर नव्हे, आणि त्या प्रश्नाचं राजकीय उत्तर त्यांच्याकडे शेवटपर्यंत नव्हतं.

उत्तर आयर्लंडच्या कारभाराबद्दल १९९१ आणि १९९२ मध्ये झालेल्या चर्चांत ते सामील झाले. सप्टेंबर १९९२ मध्ये तर ते शिष्टमंडळ घेऊन डब्लिनला गेले. पेझलींचा पक्ष गेला नाही. आणि एप्रिल १९९२ च्या निवडणुकीने गणित पुन्हा त्यांच्या बाजूला आणलं होतं. जॉन मेजर यांचं बहुमत फक्त २१. त्यातही युरोपविरोधी बंडखोर. अल्स्टर युनियनिस्टांचे नऊ खासदार एकाएकी मोलाचे झाले.

२२ जुलै १९९३ ची रात्र म्हणजे मॉलिनो-पद्धतीचा उत्तम नमुना. युरोपीय एकीकरणाच्या मास्ट्रिक्ट करारातल्या सामाजिक प्रकरणावरून विरोधकांची दुरुस्ती आली. नऊही जण सरकारच्या बाजूने गेले आणि मोजणी ३१७-३१७ अशी बरोबरीची जाहीर झाली. सभापती बेटी बूथरॉइड यांच्या निर्णायक मताने दुरुस्ती पडली. लगेच नंतरच्या मुख्य ठरावावर सरकार ३१६-३२४ असं हरलं. दुसऱ्या दिवशी मेजर यांनी विश्वासदर्शक ठराव मांडला आणि तो ३३९-२९९ ने जिंकला. कोणताही सौदा झाला नाही असं दोन्हीकडून सांगण्यात आलं. १९९४ मध्ये मात्र उत्तर आयर्लंडच्या कारभाराची झडती घेणारी खास संसदीय समिती स्थापन झाली. मॉलिनो ती कित्येक वर्षं मागत होते. मंत्री आणि अधिकारी यांना बोलावून कागदपत्रं मागणारी, प्रश्न विचारणारी समिती इतर खात्यांना आधीपासून होती, उत्तर आयर्लंडला नव्हती.

डिसेंबर १९९३ मध्ये लंडन आणि डब्लिन यांनी मिळून केलेल्या डाउनिंग स्ट्रीट घोषणेच्या वेळीही त्यांना आधी विश्वासात घेतलं गेलं. मसुद्यात संमतीचं तत्त्व ठळक राहिलं. पेझलींनी विश्वासघात म्हणून ओरड केली. मॉलिनोंनी घोषणा झिडकारली नाही, आणि युनियनिस्ट जनताही १९८५ सारखी रस्त्यावर आली नाही. माझ्या मते हीच त्यांच्या कारकिर्दीतली सर्वांत कमी गाजलेली आणि सर्वांत मोलाची कामगिरी. नऊ महिन्यांनी, ३१ ऑगस्ट १९९४ रोजी, आयआरएने शस्त्रसंधी जाहीर केली. डाउनिंग स्ट्रीट घोषणेवर युनियनिस्ट नेत्याने हिल्सबरोसारखं रान उठवलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार करावा.

शस्त्रसंधीने त्यांना आनंद झाला नाही. उलट त्यातून अस्थिरता वाढेल असं त्यांचं मत होतं. आणि मग जुनी चूक पुन्हा झाली, अगदी त्याच रीतीने. दोन सरकारं पुढच्या मांडणीचा मसुदा करीत होती. मेजर यांना आपली गरज आहे, आपल्याला सांगितल्याशिवाय ते फार पुढे जाणार नाहीत, असं मॉलिनोंनी धरून चालवलं. फेब्रुवारी १९९५ मध्ये ‘फ्रेमवर्क डॉक्युमेंट्स’ प्रसिद्ध झाली, त्यात उत्तर-दक्षिण संस्थांचा विस्तृत आराखडा होता. पक्षात संताप उसळला. हातात नऊ मतं असतानाही कानात सांगितलेल्या शब्दापलीकडे काही नव्हतं: लेखी टिपण नाही, साक्षीला सहकारी नाही, शब्द मोडला तर काय करू हे आधी सांगितलेलं नाही. १९७९ मध्ये त्यांनी कॅलॅहन यांच्याकडून कायदा मंजूर करून घेतला होता, नुसतं आश्वासन नव्हे. स्वतःचाच हा धडा ते विसरले.

मार्चमध्ये पक्षाच्या वार्षिक सभेत एकवीस वर्षांचा एक विद्यार्थी त्यांच्याविरुद्ध उभा राहिला. त्याला ८८ मतं पडली, मॉलिनोंना ५२१. जिंकूनही ते हरले होते. अनोळखी मुलाला सातातलं एक मत पडतं तेव्हा सभा काय म्हणते आहे ते कळतं. जूनमध्ये नॉर्थ डाउनची पोटनिवडणूक रॉबर्ट मॅकार्टनी यांनी पक्षाच्या उमेदवाराला हरवून जिंकली. २८ ऑगस्ट १९९५ रोजी, पंचाहत्तरावा वाढदिवस झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, मॉलिनोंनी पद सोडलं. सप्टेंबरमध्ये डेव्हिड ट्रिंबल निवडून आले.

१९९६ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. १९९७ मध्ये सत्तावीस वर्षांची खासदारकी संपवून ते लॉर्ड्सच्या सभागृहात गेले. १९९८ च्या गुड फ्रायडे शांतता कराराला त्यांनी विरोध केला. सार्वमतात त्याच्या बाजूने ७१ टक्के मतं पडली. करारातला संमतीचा मुद्दा त्यांनी १९९३ मध्ये जपला होता तोच होता. सत्तावाटप आणि उत्तर-दक्षिण संस्था मात्र त्यांना पटणाऱ्या नव्हत्या. ९ मार्च २०१५ रोजी, चौऱ्याण्णवाव्या वर्षी, ते गेले.

त्यांनी मागितलेली संसदीय समिती आजही काम करते. जागा १९९७ पासून अठरा आहेत. २०१७ मध्ये थेरेसा मे यांचं बहुमत गेलं तेव्हा पेझलींच्या जुन्या पक्षाने दहा खासदारांच्या बळावर एक अब्ज पौंडांचा जादा निधी मिळवला. डिसेंबर २०१९ मध्ये बोरिस जॉन्सन ८० च्या बहुमताने आले आणि उत्तर आयर्लंड व उरलेलं ब्रिटन यांच्यात समुद्रातली व्यापारी सीमा आली. मॉलिनोंचा पक्ष तोवर पार आकसला होता. २०२४ च्या निवडणुकीत अठरापैकी एकच जागा त्याला मिळाली. ती साउथ अँट्रिमची, १९७० मध्ये जिथून मॉलिनो पहिल्यांदा लंडनला गेले होते. आणि त्यांची शेवटची जागा, लॅगन व्हॅली, त्याच दिवशी युनियनिस्टही नाही आणि राष्ट्रवादीही नाही अशा अलायन्स पक्षाकडे गेली.